शाळेच्या गाण्याच्या नाटकात काम केलंय का कुणी? (खान्देशकर, इकडे या)

तापीकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. आमचं गॅदरिंग दरवर्षी ठरलेलं. पेनड्राइव्हवर सिनेमाची गाणी, भाड्याचे चकचकीत ड्रेस, वर्गवार नाच, आणि मधे एक नाटिका, जिच्यात शेवटच्या रांगेपर्यंत फक्त माईकची शिट्टी पोचते. यंदा नवीन हेडसरांनी विचारलं, आठवी-नववीच्या पोरांनी स्वतः गाऊन करायचं एकच मोठं नाटक जमेल का? मी हो म्हणून टाकलं.

संगीत शिक्षकाचं पद आमच्याकडे नाही. गावातल्या भजनी मंडळातले एक आप्पा पेटी धरणार आहेत, तबल्याला त्यांचा नातू, तो नववीतच आहे. गोष्ट आम्हीच लिहितोय, कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवणाऱ्या पोरांची. सात-आठ गाणी. काही चाली आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गाण्यांच्या वळणाच्या, दोन वहीच्या, म्हणजे डफावर म्हणायच्या आमच्याकडच्या लोकगाण्यांच्या ढंगाच्या. संवाद निम्मे अहिराणीत. एकूण तासाभराचं होईल.

नाटक कसं बसवावं यावर शिक्षकांकडून ऐकायला मिळतंच. मला हवंय ते दुसऱ्या बाजूचं. तुम्ही शाळेत असताना अशा नाटकात गायला असाल, घोळक्यात उभे असाल, विंगेत पडदा ओढायला असाल, तर तेव्हा काय झालं? काय आवडलं, कशाचा राग आला, काय अजून आठवतं? पोरं ते मला सांगणार नाहीत, मी त्यांची बाई आहे.

नेरी_नाका | १४ नोव्हेंबर, रात्री ९:५२

मी झाड होतो. झाडाला गाणं नव्हतं. तरी दुसऱ्या अंकात मला खाज सुटली आणि त्या वर्षीचा सगळ्यात मोठा हशा माझ्या नावावर आहे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

घोळक्यातला | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मी नंदुरबारचा. आमच्याकडे शाळेचं मोठं नाटक म्हटलं की विषय शोधावा लागत नाही, शिरीषकुमार. बाहेरच्यांसाठी सांगतो. ९ सप्टेंबर १९४२ ला पोरांची मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, शिरीषकुमार मेहता गेले तेव्हा पंधरा वर्षांचे होते. त्यांच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. म्हणजे नववी-दहावीच्या पोरांनी स्वतःच्याच वयाच्या पोरांचं काम करायचं. दाढी-मिशा चिकटवायची गरज नाही, हा एक फायदा.

मी मिरवणुकीत होतो. एक ओळ एकट्याने बोलायची होती, बाकी सगळं घोळक्यासोबत. सुरुवातीला वाटलं, आपल्याला काहीच काम नाही. मग कळलं की नाटकात सतत स्टेजवर असतो तो घोळकाच. हिरो आत जाऊन पाणी पिऊन येतो, आपण उभेच.

आमची खरी अडचण घोषणांची होती. 'नहीं नमशे, नहीं नमशे' ही घोषणा तिथे मूळ गुजरातीतच दिली गेली होती, म्हणून आम्हीही तशीच द्यायचो. आमच्या गावात गुजराती कुणाला नवीन नाही. पण ती जीव तोडून चार वेळा ओरडली की लगेच पुढे येणाऱ्या गाण्याला घसा उरायचाच नाही. तालमीत रोज तेच. शेवटी सरांनी मिरवणूक दोन भागांत वाटली. ओरडणारे वेगळे, गाणारे वेगळे. प्रेक्षकांना फरक कळला नाही. आमचे घसे वाचले. बाई, हे लिहून ठेवा, फार कामाचं आहे.

आता गंमत. गोळीबारानंतर पडलेल्यांनी गायचं नाही, उरलेल्यांनी हळू आवाजात गायचं, असं बसवलेलं. पण महिनाभर रोज गायलेलं गाणं कानावर पडतंय आणि तुम्ही उताणे पडलेले आहात. तोंड आपोआप हलतं हो! समोर सतरंजीवर पहिली-दुसरीची पोरं बसली होती, त्यातला एक उभा राहून ओरडला, "बाई, हाऊ तं जित्ता शे!" अख्खं मैदान हसलं. आम्ही उभे होतो ते मात्र रडवेले झालो होतो, कारण इतके दिवस आम्ही तो प्रसंग अगदी मनापासून करत होतो. त्या दिवशी मला त्या पोराचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्याचंही बरोबर होतं, जित्ता होताच तो.

जिभाऊ_धुळे | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

बाई, उत्साह चांगला आहे, पण थोडं थंड पाणी ओततो. लाईव्ह गाणं शाळेच्या मैदानावर जमत नाही. मी मंडप-साउंडच्या धंद्यात बरीच वर्षं आहे, शेकडो गॅदरिंग केली. पोरं माईकपासून लांब उभी राहतात, मग आम्ही आवाज वाढवतो, मग स्पीकरचा आवाज माईकमध्ये जातो आणि शिट्टी. त्यात दोन पोरं माईक हातात धरून ओढाओढी करतात. त्यापेक्षा पोरांच्याच आवाजात गाणी आधी रेकॉर्ड करा, स्टेजवर ट्रॅक लावा, पोरं अभिनय करतील. पालकांना तेच आवडतं, फोनवर व्हिडिओ चांगला येतो.

आणि वेळ सांभाळा. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत, रात्री १० नंतर मैदानात लाऊडस्पीकर बंद. सवलतीचे दिवस सरकार ठरवतं, तुमचं गॅदरिंग त्यात बसेलच असं नाही. पाहुण्यांची भाषणं लांबली की पोरांचं नाटक कापलं जातं, हे मी दरवर्षी बघतो.

अकरावी_सायन्स | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

मी अजून 'तेव्हा' म्हणण्याएवढी मोठी नाही, मागच्याच्या मागच्या वर्षी नववीत केलं. आमच्या शाळेत आधी एका वर्षी ट्रॅक होता, नंतरच्या वर्षी लाईव्ह. दोन्ही केलंय, म्हणून लिहिते.

ट्रॅकमध्ये चुकायची भीती कमी असते, हे जिभाऊंचं खरं आहे. पण तिथे गाणं तुमच्यासाठी थांबत नाही. माझ्या मैत्रिणीची ओढणी खिळ्यात अडकली, ती सोडवेपर्यंत तिचं अर्धं कडवं तिच्याशिवायच वाजून गेलं. ती विंगेशी उभी आणि तिचाच आवाज स्पीकरमधून. लोक हसले. ती नंतर खूप रडली.

लाईव्हला मी दुसरं कडवं विसरून थेट तिसऱ्यावर गेले. पेटीवरच्या काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यासोबत आले. तबलाही आला. कुणालाच कळलं नाही, आईलाही नाही. त्या क्षणाला मला काय वाटलं ते लिहिता येत नाहीये. एवढी मोठी माणसं वाजवत होती आणि मी चुकून कुठेही गेले तरी ती माझ्या मागे यायला तयार होती.

सगळ्यात अवघड काय, तर संवाद बोलता बोलता गाण्याचा पहिला सूर पकडणं. वर्गात नुसतं गाणं म्हणताना पेटी आधी वाजते, आपण सूर लावून घेतो. नाटकात तुम्ही कुणाशी तरी भांडताय आणि भांडणाच्या शेवटच्या शब्दाला गाणं सुरू. बोलायचा आवाज कुठे आणि सूर कुठे! मग काका माझ्या शेवटच्या वाक्याखाली अगदी बारीक 'सा' धरून ठेवायला लागले. मला ऐकू येईल एवढाच.

पेटीवाला | १५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

अकरावीवाल्या मुली, तुझ्या काकांना माझा नमस्कार सांग. संगीत नाटकाची जुनी पेटीवाली मंडळी हेच करत. पेटीवाल्याला नटांइतकंच नाटक पाठ असावं लागतं. तापीकाठ ताई, तुमच्या आप्पांना तालमीच्या पहिल्या दिवसापासून बसवा. शेवटच्या आठवड्यात बोलावून उपयोग नाही. भजनात गायकाच्या मागे जायची सवय त्यांना असेलच, ते शिकवावं लागणार नाही.

आता पट्टीचं, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावरून गाणं धरायचं त्याचं. आठवी-नववी म्हणजे मुलांचे आवाज फुटायचं वय, साधारण १२ ते १५. स्वरतंतू लांब होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो, आणि ते एका रात्रीत होत नाही. जूनमध्ये जो मुलगा काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला 'सा' धरून) छान गात होता, तो जानेवारीत त्याच गाण्यात मधेच चिरका आवाज काढेल. मुलींचाही आवाज या वयात दोन-तीन सुरांनी खाली येतो, काही दिवस हवा मिसळल्यासारखा लागतो. हे कुणी त्यांना सांगतच नाही, पोरांना वाटतं आपला गळा गेला.

म्हणून मुख्य मुलाची गाणी पाच-सहा सुरांत बसवा. डिसेंबरच्या शेवटी एकदा परत त्याचा आवाज तपासा आणि गरज पडली तर पट्टी उतरवा. लाईव्हचा हा फायदा जिभाऊंच्या ट्रॅकला नाही. म्हणजे आता ॲपवर ट्रॅकची पट्टीही बदलता येते म्हणा, पण ऐन वेळी कोण बदलतो.

आखाजी | १५ नोव्हेंबर, रात्री १०:४५

मोबाईलवरून लिहितेय, चुका समजून घ्या. वय आता साठीकडे. अमळनेर तालुक्यातलं माझं माहेर. शाळेचं नाव लिहीत नाही.

सातवीत आमचं गाण्याचं नाटक होतं. मला गाण्याची भारी हौस. आखाजीला झोक्यावर आम्ही मुली गौराईची गाणी दुपारपासून म्हणायचो, मी सगळ्यात पुढे. तालमीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई सगळ्यांसमोर माझ्याजवळ आल्या, कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "तू फक्त ओठ हलव."

मी ओठ हलवले. गॅदरिंगलाही हलवले. आईला वाटलं मी गातेय, ती शेजारणीला सांगत होती, ऐका, मधला आवाज माझ्या आंडेरचा (लेकीचा). मी कधी तिला सांगितलं नाही. त्यानंतर लग्नात, हळदीत, कुठेच गायले नाही. कानबाईच्या (आमच्याकडच्या देवीच्या) रात्री सगळ्या बाया गातात तेव्हा डफाच्या आवाजात माझा आवाज ऐकू येत नाही, तिथेच काय ते.

तुम्ही विचारलं राग कशाचा आला, म्हणून लिहिलं. त्या बाई वाईट नव्हत्या. मराठी फार सुंदर शिकवायच्या.

नेरी_नाका | १५ नोव्हेंबर, रात्री ११:१०

ताई... मलाही झाड करण्याआधी हेच वाक्य ऐकवलं होतं. मी ते विनोद म्हणून सांगत आलोय.

घोळक्यातला | १५ नोव्हेंबर, रात्री ११:२०

आमच्या मिरवणुकीतही दोघे 'ओठवाले' होते. आम्ही त्यांना तेच नाव पाडलं होतं. आज वाचून कसंतरी झालं.

पेटीवाला | १६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

आखाजी ताई, एक विचारतो. तेव्हा तुमच्या वर्गात जी मुलगी मुख्य गाणारी होती, तिचा आवाज खूप उंच होता का? मला जवळजवळ खात्री आहे. शाळेत होतं काय, एक मुलगी काळी पाचमध्ये सुंदर गाते, म्हणून अख्खा वर्ग काळी पाचमध्ये. ज्यांचा गळा तिथे पोचत नाही ते खाली कुठेतरी स्वतःचा सूर धरून म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, ही बेसूर. तीच मुलगी पांढरी पाचमध्ये किंवा त्याखाली बसवली की सुरात येते. झोक्यावर तुम्ही सगळ्यांच्या पुढे गात होतात ना? तिथे पट्टी तुम्ही स्वतः ठरवत होतात.

खरंच बेसूर मुलं असतात, नाही म्हणत नाही. पण फारच थोडी. त्यांनाही दोन सुरी गाणाऱ्यांच्या मधे उभं केलं की महिन्याभरात बराच फरक पडतो. ओठ हलवायला लावलं की तो रस्ताच बंद, कारण ऐकून-गाऊन चुका सुधारण्याची संधीच जाते.

तेव्हा तापीकाठ ताई, पट्टी घोळक्याची बघून ठरवा. हिरॉईनला थोडं खाली गावं लागलं तर ती गाईल. चांगली गाणारी कुठेही गाते.

आखाजी | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

हो, खूप उंच होता. ती पुढे जळगावला गाणं शिकायला गेली.

सातपुडा_पायथा | १६ नोव्हेंबर, दुपारी १:०५

मी धडगावकडचा, आश्रमशाळेत शिकलो. आमच्याकडे तालमीला वेळ भरपूर, सगळी पोरं तिथेच राहणारी. रात्री जेवणं झाली की पटांगणात सुरू.

पट्टीवरून आठवलं. आमच्या नाटकात लग्नाचा प्रसंग होता आणि एका मुलाचे आजोबा पावरी वाजवायचे. भोपळा आणि शिंगाची असते, ज्यांनी ऐकली नाही त्यांनी जरूर ऐका. सरांनी त्यांना बोलावलं. पेटी आणि पावरी जुळेना. पावरी जशी बनवली तशीच वाजते, तिची पट्टी बदलत नाही. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी तिचा सूर. सर बाजाराच्या गावावरून हौसेने आले होते, त्यांना आधी ते बेसूर वाटलं. मग त्यांनी पेटीच बंद केली आणि आम्ही पावरीच्या सुरात गायलो. आम्हाला ते सोपं गेलं, कारण होळीला, लग्नात आम्ही त्याच सुरात नाचलो होतो. अवघड गेलं ते सरांना.

नाटक मराठीत होतं. मराठीत बोलताना आमची पोरं हात मांडीला चिकटवून ताठ उभी राहायची. तो एक प्रसंग आमच्या बोलीत होता, तिथे कुणाला हातवारे शिकवावे लागले नाहीत.

तापीकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

हे तर आमच्याकडे रोज बघतेय. वर्गात अहिराणीत उत्तर दिलं की बाकीची पोरं हसतात, म्हणून काही जण तोंडच उघडत नाहीत. तालमीत त्यातल्याच एकाला मुकादमाचं काम दिलं. "आते कथा चालना रे?" (आता कुठे चाललास रे?) एवढंच वाक्य, पण असं टाकतो की वर्ग आडवा होतो. आता अडचण वेगळीच. हशा इतका की पुढचा संवाद कुणाला ऐकू येत नाही.

आखाजी ताई, तुमचा प्रतिसाद स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग आमच्या पीटीच्या सरांनी सांगितलं, मलाही.

अकरावी_सायन्स | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

हशा थांबेपर्यंत पात्रांनी काहीतरी काम करत राहायचं, आम्हाला असं शिकवलं होतं. कापूस वेचताय ना? वेचत राहा. हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य. पूर्ण शांत व्हायची वाट बघितली तर नाटक थंड पडतं. हे तालमीत येत नाही, कारण तालमीत सगळ्यांना विनोद माहीत असतो. म्हणून आधी एकदा पाचवी-सहावीच्या पोरांसमोर करून बघा.

कळण्याची_भाकर | १७ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मी पालक, यावल तालुका. एक कुणी बोललं नाही ते बोलते. तुमचं नाटक वेचणीच्या पोरांवर आहे आणि तालमी नेमक्या वेचणीतच. माझा मुलगा मागच्या वर्षी अशाच तालमींना आठवड्यातले दोन दिवस येऊ शकला नाही, मजूर मिळत नव्हते. त्याला काढलं आणि दुसरा घेतला. त्याला सगळी गाणी पाठ होती, शेतात म्हणायचा. गॅदरिंगला तो गेलाच नाही, म्हणाला पोट दुखतंय.

दुसरं, ड्रेसचे पैसे. आमच्याकडे प्रत्येकी वर्गणी होती. ज्यांनी दिली नाही ते मागच्या रांगेत. कुणी बोलून दाखवलं नाही, पण रांगा बघितल्या की कळत होतं. तुमची गोष्ट शेतातली आहे तर घरचीच लुगडी, घरचेच रुमाल चालतील की.

तापीकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री ८:५०

ड्रेस घरचेच. हे आज हेडसरांशी बोलून पक्कं केलं, वर्गणी नाही. तालमीचं असं ठरवलंय की घोळक्याची गाणी सगळ्या वर्गाने पाठ करायची, मग कोण कुठल्या दिवशी गैरहजर आहे याने फार अडत नाही. एकट्याच्या कामांना दोन-दोन पोरं तयार ठेवतोय, आणि दोघांनाही एकेक प्रयोग मिळेल. एक मुलांसमोर, एक पालकांसमोर. कुणाला कुठला, ते चिठ्ठी टाकून.

आप्पांनी आज सगळ्यांचे आवाज ऐकले. आधी काळी चार म्हणत होते, आता पांढरी चारवर आलेत. मुख्य मुलीच्या आईने फोन करून विचारलं की तिचा आवाज का दाबताय. तिला समजावतेय.

जिभाऊ, लाईव्हच करायचं ठरलंय. रागावू नका.

जिभाऊ_धुळे | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१०

रागावतोय कशाला. पण मग हातातले माईक अजिबात देऊ नका. स्टेजच्या पुढच्या कडेला खाली जमिनीलगत तीन माईक, मधे वरून दोन लटकते. स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, मागे एकही नको. घोळका अर्धगोलात उभा करा, सरळ रांगेत नको. पेटी-तबल्याला वेगळा माईक, आणि त्यांना स्टेजवर कडेला बसवा, खाली नको, पोरांना पेटी ऐकू आली पाहिजे. नाचताना गायला लावू नका, दम लागतो. पुढचे नाचतील तेव्हा मागचे गातील.

वहीची गाणी आहेत म्हणता, म्हणजे डफ असणार. जानेवारीच्या रात्री दव पडलं की डफ उतरतो. स्टेजमागे शेकोटीची सोय करा, दर गाण्याआधी शेकावा लागेल. पाण्याची बादली शेजारी ठेवा, आणि मंडपाच्या कापडापासून लांब. हे विसरू नका, मी जळालेला पडदा बघितलाय.

भाषणं नाटकानंतर ठेवा. पाहुणे नाराज होतील, होऊ देत. आणि मोबाईल नंबर संदेशात पाठवा, आमच्याकडचे लटकते माईक चोपड्याला एका गाडीने पाठवून देतो, भाडं नको. फक्त सुट्टीच्या दिवशी एकदा पोरांना घेऊन माईकवर तालीम करा, मी स्वतः येतो.

आखाजी | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

पालकांसमोरचा प्रयोग कुठल्या तारखेला आहे? बाहेरचे आले तर चालतील का?

तापीकाठ | १८ नोव्हेंबर, दुपारी २:३०

जिभाऊ, नंबर पाठवला. आखाजी ताई, जानेवारीचा दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेसहा, भाषणं नंतर. जरूर या. आखाजीच्या चालीचं एक गाणं अजून अडलंय, दुसऱ्या कडव्याला पोरींना ठेका सापडत नाही. जमलं तर एखाद्या रविवारी तालमीलाच या ना.